गूढ पात्रांचे मोल

कुमारवयातील वाचकांना गूढ पात्रांचे विलक्षण आकर्षण असते. कथेत एखादा अबोल, अनोळखी मनुष्य येतो. तो कोण, कोठला, हे कोणास ठाऊक नसते. आणि ऐन संकटात त्याच्या अंगचे असामान्य कसब प्रकट होते. अशी पात्रे म्हणजे वाचकाला गुंगवून ठेवण्याची केवळ युक्ती होय, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो निराधार नाही. पण सरसकट खराही नाही. रहस्य उलगडल्यावर नुसते कुतूहल शमते, की त्या माणसाची अधिक ओळख पटते, यावर पात्राचे मोल ठरते.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याचा कॅप्टन नेमो या कसोटीस उतरतो. व्हर्नच्या अनेक कथा भा. रा. भागवत यांनी मराठीत आणल्या आहेत. ‘नेमो’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘कोणीही नव्हे’ असा आहे. १८६९-७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत तो ‘नॉटिलस’ या पाणबुडीचा स्वामी म्हणून भेटतो, पण आपला पूर्वेतिहास सांगत नाही. सिंहलद्वीपाजवळ एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क झेपावताच तो केवळ खंजीर घेऊन धावतो, आणि नंतर त्या पाणबुड्याच्या हाती मोत्यांची पिशवी ठेवतो. आपणही पीडितांच्याच देशाचे आहोत, एवढेच तो सूचित करतो.

१८७४-७५ मधील दुसऱ्या कादंबरीत एका निर्जन बेटावर अडकलेल्या लोकांना कोणी अदृश्य हात साहाय्य करीत असतो. हर्बर्ट हा मुलगा तापाने मरणोन्मुख झाला असता जवळच्या मेजावर क्विनाईनची डबी आढळते. अखेर तो साहाय्यकर्ता नेमोच असल्याचे उघड होते. तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार. १८५७ च्या उठावात राज्य व कुटुंब गमावलेला! ही हकीकत कळताच पाणबुड्यासाठी घेतलेल्या त्या झेपेचा अर्थ नव्याने उमगतो. त्याची विद्याही जादूने आलेली नाही. दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत त्याने युरोपात अध्ययन केले होते. मात्र शत्रूची युद्धनौका माणसांसकट बुडविणारा नेमोही हाच. त्याच्या दुःखाने त्या कृत्याचे कारण कळते. समर्थन होत नाही.

याउलट ज्या कथेत नायकाला अडचण येताच एखादी नवी शक्ती स्फुरते, आणि शेवटी तो केवळ थोर कुळातला निघतो, त्या कथेतून हाती काय लागते? श्रमावाचून सामर्थ्य लाभते आणि मोठेपण जन्मानेच येते, अशी चुकीची समजूत मात्र दृढ होते. वाचकाने अशा गोष्टी वाचू नयेत, असे नव्हे. पण हे कसब कसे कमावले, आणि त्यासाठी काय सोसले, हे प्रश्न विचारल्यावाचून पुस्तक मिटू नये.

हे प्रश्न पुस्तकाबाहेरही उपयोगी पडतात. शेजारचे अबोल वृद्ध गृहस्थ, शाळेचा शिपाई, परगावाहून वर्गात नव्याने आलेला मुलगा, यांनाही प्रत्येकी एक पूर्वेतिहास असतो. तो सहसा कोणी विचारीत नाही. चांगली गूढकथा वाचलेला मुलगा अशा माणसाविषयी मत बनविण्यापूर्वी क्षणभर थांबला, तर ते वाचन सार्थकी लागले म्हणावयाचे.