‘नाशिक व्हॅली वाईन’ : नाव भूमीचे, जोखीम कोणाची?

शेतकऱ्याची जमीन गहाण पडू शकते, उभे पीक विकले जाऊ शकते. परंतु एखाद्या प्रदेशाचे नोंदविलेले नाव विकता येत नाही अथवा गहाणही टाकता येत नाही. भौगोलिक निर्देशनांसंबंधीच्या १९९९ च्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. या कायद्यान्वये ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावाची नोंद झालेली आहे. हे नाव कोणा एका कारखानदाराचे नसून भूमीचे आहे, आणि ते राखण्याचे बरेचसे काम बागाईतदाराच्या मळ्यातच होते. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा येथे हेतू नाही. प्रश्न कष्टाच्या मोबदल्याचा आहे.

खाण्याच्या द्राक्षांची शेती दिंडोरी व निफाड भागांतील शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. तीत टपोरा मणी आणि भरघोस वजन यांवर दृष्टी असते. वाईनच्या द्राक्षांची रीत निराळी. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लाँ या वाणांचा मणी लहान व बियांचा असतो. वेलीवर घड मोजकेच राखावे लागतात. त्यांची गर्दी झाली की साखर, रंग व स्वाद उतरतात. तेव्हा ज्याने गुणवत्तेसाठी वजन सोडावयाचे, त्यास दरही गुणवत्तेनुसारच मिळावयास हवा.

जोखीमही निराळी आहे. खाण्याची द्राक्षे एका व्यापाऱ्याने नाकारली, तर दुसरा शोधता येतो. उरल्या मालाचा बेदाणा करता येतो. वाईनच्या द्राक्षांना मात्र वाईनच्या कारखान्यावाचून गिऱ्हाईक नाही. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर लागवड वाढली. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, कारखान्यांत वाईन पडून राहिली आणि कित्येक शेतकऱ्यांवर जोपासलेल्या वेली उपटून टाकण्याची पाळी आली. लागवडीचा खर्च ज्याने केला, तोटाही त्याच्याच पदरी पडला.

पोर्तुगालमधील डोरू खोऱ्याचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. पोर्ट वाईनचे नाव भेसळीने बुडू लागले, तेव्हा १७५६ साली त्या प्रदेशाची हद्द ठरवून पुढे दगडी खांब रोवण्यात आले. ज्या एल्डर झाडांच्या फळांचा रस रंगासाठी मिसळीत, ती झाडेही काढविण्यात आली. आजही तेथे प्रत्येक मळ्याची प्रत लावलेली असून, कोणत्या मळ्यातील किती रस पोर्टसाठी घ्यावयाचा हे दरवर्षी ठरविले जाते. नाव टिकते ते अशा मर्यादांनी.

आमच्या मते, नाशिकच्या खोऱ्यातही वाईनच्या द्राक्षांची रोपे लावण्यापूर्वीच लेखी करार झाला पाहिजे. वाण, साखरेचे प्रमाण, त्यानुसार दर, पैसे देण्याची मुदत, आणि ठरलेला माल न उचलल्यास द्यावयाची भरपाई, या पाचही गोष्टी त्यात असाव्यात. एकट्या शेतकऱ्यास अशा अटी मान्य करून घेणे जड जाते. गावातील बागाईतदारांनी एकत्र येऊन बोलणी करणे हाच त्यावर उपाय होय. उलटपक्षी, करारात ठरल्याहून अधिक घड राखून वजन वाढविण्याचा मोह त्यांनीही टाळला पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या लागवडीची शिफारस करण्यापूर्वी माती व पाणी तपासावे, तसाच करारही वाचून पाहावा. करार नसेल, तर लागवड थांबविण्याचा सल्ला देण्यास त्यांनी कचरू नये.