चंद्रावरची रात्र आणि अणुभट्टीचा हिशेब

१/ चंद्रावरची एक रात्र पृथ्वीवरील सुमारे चौदा दिवसांएवढी असते. एवढा काळ केवळ सौरपट्ट्यांच्या भरवशावर काढणे कठीण. माणसाला तेथे वस्ती करावयाची असेल, तर अणुऊर्जा स्वीकारावी लागेल, असे माझे मत आहे. मात्र असे म्हणणाऱ्याने इतिहासाचा हिशेबही मांडला पाहिजे.

२/ नोव्हेंबर १९६९. ‘अपोलो १२’चे अ‍ॅलन बीन चंद्रावर प्लुटोनियमची कांडी पेटीतून काढू लागले, ती निघेना. पीट कॉनराड यांनी पेटीवर हातोडीचे घाव घातले, तेव्हा ती सुटली. तिच्या उष्णतेवर सुमारे ७० वॉट वीज मिळाली. उपकरणांना ती वर्षानुवर्षे पुरली. माणसांच्या वस्तीला मात्र अणुभट्टीच हवी.

३/ भट्टीही नवी नाही. अमेरिकेने ३ एप्रिल १९६५ रोजी ‘स्नॅप-१०ए’ कक्षेत धाडली. ती ४३ दिवस चालली. दोष उद्भवला तो यानाच्या विद्युतयंत्रणेत, भट्टीत नव्हे.

४/ पुढे २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत उपग्रह ‘कॉसमॉस ९५४’ भट्टीसह कॅनडाच्या वायव्य भागात कोसळला. किरणोत्सारी अवशेष हिमप्रदेशात विखुरले. शोध आणि सफाईपोटी कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले. १९८१ साली ३० लाखांवर तडजोड झाली.

५/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. न चाललेल्या भट्टीतील युरेनियमचा किरणोत्सार अल्प असतो. घातक द्रव्ये साठतात ती भट्टी चालू झाल्यावर. ‘कॉसमॉस’ची भट्टी आधी चालली होती आणि पृथ्वीच्या निकट कक्षेत होती. चंद्रावर पोहोचल्यावरच चालू केलेली भट्टी आपल्या माथ्यावर कोसळणार नाही.

६/ संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली तत्त्वे संमत केली: नियोजित कक्षेत वा आंतरग्रहीय मार्गावर पोहोचण्यापूर्वी भट्टी चालू करू नये आणि सुरक्षेचे मूल्यमापन उड्डाणापूर्वी जाहीर करावे. पण ही तत्त्वे कायद्याने बंधनकारक नाहीत.

७/ म्हणून माझा आग्रह बंदीचा नाही, बंधनाचा आहे. या तत्त्वांचा करार व्हावा, तोही पहिली भट्टी चंद्रावर जाण्यापूर्वी. कॅनडाला निदान अवशेष गोळा करता आले आणि देयक पाठवता आले. सफाईचा खर्च कोणी सोसायचा, हे मात्र अपघातानंतर ठरले. पुढच्या वेळी ते आधी ठरलेले असावे.