भुंकण्याची तक्रार आली, तर आधी साखळी पाहा
मा. जिल्हाधिकारी, धाराशिव यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी यांस,


पाणीटंचाई, पीकविमा, अतिवृष्टीचे पंचनामे अशा कामांच्या गर्दीत ‘शेजाऱ्याचा कुत्रा रात्रभर भुंकतो’ ही तक्रार फार लहान वाटेल. तरी हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे. या तक्रारीशी पोलीस, नगरपरिषद आणि पशुसंवर्धन अशा तिन्ही खात्यांचा संबंध येतो, आणि जिल्ह्यात या तिघांना एका टेबलाशी बसवू शकेल असं कार्यालय आपलंच आहे. आज ही तक्रार तीन दारं फिरते आणि कुठल्याच दारात टेकत नाही.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतरही लोक ‘डॉक्टर’ म्हणूनच हाक मारतात आणि गाई-शेळ्यांइतकंच आता कुत्र्यांबद्दल विचारतात. एकाच गल्लीतले दोघं, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, येऊन गेल्याचंही झालं आहे. पहिला म्हणतो, ‘डॉक्टर, ह्याला गप्प बसवायचं काही औषध आहे का?’ दुसऱ्याचं म्हणणं असतं, ‘आमच्या कुत्र्यावर शेजाऱ्यांचा उगाच डोळा आहे.’ दोघंही खोटं बोलत नसतात.

ते कसं, हे सांगतो. धाराशिव, कळंब, उमरगा, कुठल्याही शहराच्या कडेला गेल्या काही वर्षांत शेतं मोडून प्लॉट पडले आणि घरं उभी राहिली. तिथं राहायला आलेल्या पुष्कळांची शेती अजून गावाकडे आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीला, शनिवार-रविवार शेतावर. चोरीच्या भीतीनं दारात कुत्रा बांधलेला. सकाळी भाकरी टाकली, वाडग्यात पाणी ओतलं, गेट लावलं आणि मंडळी बाहेर पडली की कुत्रा भुंकायला लागतो. संध्याकाळी मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून तो शेपटी हलवतो आणि शांत होतो. मालकानं त्याचं ते भुंकणं कधी ऐकलेलंच नसतं, म्हणून शेजाऱ्याचं बोलणं त्याला कागाळी वाटते. शेजाऱ्याची मात्र दिवसाची झोप गेलेली असते. रात्रपाळी करून आलेली नर्स असो, बारावीचा अभ्यास करणारी मुलगी असो, की हृदयाचं ऑपरेशन झालेले आजोबा असोत, भिंतीपलीकडून तास-दोन तास एकाच पट्टीत येणारा आवाज त्यांना आतून पोखरतो. ‘एवढं काय त्यात, कुत्रा भुंकणारच’ असं त्यांना सांगणं हा अन्याय आहे.

आता कुत्र्याची बाजू. आपला जिल्हा उस्मानाबादी शेळीचा, भूम-वाशीकडच्या खव्याचा आणि बालाघाटच्या डोंगराचा. इथं वस्तीवरचं कुत्रं म्हणजे घरातलं माणूसच. लांडगा कळपाकडे सरकला, तरस गोठ्याच्या मागे आलं, तर आधी कळतं ते कुत्र्याला. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात यवतमाळच्या टिपेश्वरहून वाघ येऊन राहिल्यापासून तर रानातल्या माणसाला कुत्र्याच्या आवाजाचा आधार जास्तच वाटतो. तिथं भुंकणं हे काम आहे आणि त्या कामाची भाकरी त्याला मिळते. तेच जनावर प्लॉटवरच्या दहा फुटी अंगणात, गेटला चिकटून, तीन फुटांच्या साखळीला बांधलं की काय होतं? समोरून शाळेची मुलं, दूधवाला, दुसरी कुत्री, मोटरसायकली जातात. त्याला धावता येत नाही, वास घेता येत नाही, पळून लपताही येत नाही. रात्री-अपरात्री नळाला पाणी आलं की गल्लीत हंडे वाजतात आणि ते पुन्हा उठतं. अशा कुत्र्याकडे करण्यासारखं एकच काम उरतं, भुंकणं.

नोकरीत शिकलेली एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. भुंकण्यात फरक असतो आणि जरा कान दिला तर तो कुणालाही कळतो. माणूस आल्यावर भुंकून तो गेल्यावर थांबणारा कुत्रा राखण करतो. समोर कुणी नसताना, ठरावीक अंतरानं, त्याच सुरात भुंकत राहणारा कुत्रा एकटा पडलेला असतो. म्हातारा कुत्रा मध्यरात्री उठून भिंतीकडे तोंड करून भुंकत असेल, तर त्याला ऐकू येईनासं झालं आहे का, वयानं त्याचं भान हरपतं आहे का, हे पाहावं लागतं. कान सडलेला, पट्ट्याखाली जखम होऊन किडे पडलेला कुत्राही भुंकतो आणि पट्टा सैल करून पाहिल्याशिवाय ती जखम दिसत नाही. मालकाला ती अनेकदा माहीतच नसते, कारण केसांत हात घालून त्याला कुणी कुरवाळलेलंच नसतं.

म्हणून माझी मागणी एका वाक्यात मांडतो. भुंकण्याची तक्रार आली की शेजाऱ्याची झोप आणि कुत्र्याची साखळी या दोन्ही गोष्टी एकाच भेटीत तपासल्या जाव्यात.

कायदा याला अनुकूल आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण ते नियम भोंगे, वाद्यं, फटाके डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. अधूनमधून भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे मोजयंत्र घेऊन कोण बसणार? भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाला हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली की शेजार कायमचा तुटतो आणि कुत्रा तिथंच, त्याच साखळीला राहतो. खरं उपयोगाचं कलम दुसरीकडे आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ११ मध्ये, फार वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं ही क्रूरता आहे असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच कलमात कुत्र्याचा वेगळा उल्लेख आहे: नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायला न नेणं हासुद्धा गुन्हा. साठ वर्षांहून अधिक काळ हे वाक्य कायद्यात आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. रक्कम बदलणं संसदेच्या हातात आहे, पण त्या कलमाच्या आधारे घरी जाऊन पाहणी करणं आणि मालकाला लेखी समज देणं तर आपल्या जिल्ह्याच्या हातात आहे. बहुतेक मालकांना तेवढं पुरेल, कारण त्यांना कुत्र्याचा छळ करायचा नसतो. कुणी येऊन, हे चुकतंय, असं त्यांना कधी सांगितलेलं नसतं.

असं सांगणारं कुणी नसल्यामुळे काय घडतं ते मी पाहिलं आहे. एका कॉलनीतल्या ताई शेजारच्या कुत्र्याची तक्रार घेऊन महिनाभर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेल्या. एकीकडे ‘आपसात मिटवून घ्या’, तर दुसरीकडे ‘हे आमच्याकडे येत नाही’. शेवटी त्यांच्या घरच्यांनी रात्री कुत्र्याला दगड मारला, मालकानं काठी काढली आणि दोन्ही घरांची बोलचाल बंद झाली. ही तरी बरी गत म्हणायची. गावोगाव कुत्र्यांना विष घातल्याचं ऐकू येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला ठार मारणं किंवा विष घालणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे त्या माणसांना ठाऊक नसतं. आणि जे इतके कठोर नसतात, ते तक्रारीला कंटाळून कुत्रं पोत्यात घालून घाटात सोडून येतात. पाळलेल्या जनावराला रानात शिकार जमत नाही. ते उपाशी मरतं, बिबट्याच्या तोंडी जातं, नाहीतर रानाला आजार देतं. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह मेले त्यात कॅनाइन डिस्टेम्परचा विषाणू सापडला होता. हा आजार कुत्र्यांतून पसरतो. आपल्याकडे येडशीचं रान छोटं आहे. त्यात वाघ फिरत असताना लसीकरण न झालेली कुत्री तिथं सोडली जाणं परवडणारं नाही.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे, पण तो याच तक्रारवहीत येतो. भाद्रपद लागला की माजावर आलेल्या कुत्रीमागे टोळी फिरते, भांडणं होतात आणि गल्ली जागी राहते. पुढे अश्विनात सोलापूरकडून तुळजापूरला पायी येणारे भाविक रात्रभर चालतात, तेव्हा रस्त्याकडेची वस्ती न् वस्ती भुंकण्यानं उठते. ‘गाडी पाठवा आणि उचलून न्या’ ही मागणी तेव्हा जोर धरते. तसं सरसकट करता येत नाही. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि त्याच जागी सोडायचं. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हीच पद्धत कायम ठेवली, रेबीजची लागण झालेली आणि आक्रमक कुत्री सोडून. त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांसाठी मात्र कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा वेगळा आदेश दिला. बाकी गल्ल्यांत रात्रीचा आवाज कमी करायचा खरा उपाय नसबंदी हाच आहे. ती भाद्रपदात तक्रारी आल्यावर सुरू करून चालत नाही, उन्हाळ्यात व्हावी लागते.

आता पद्धत कशी असावी याबद्दल. प्रत्येक नगरपरिषदेत, नगरपंचायतीत आणि मोठ्या ग्रामपंचायतीत या तक्रारीसाठी एक माणूस नेमलेला असावा, त्याचं नाव आणि फोन फलकावर असावा. तक्रारदारानं आठवडाभराची साधी नोंद द्यावी: किती वाजता, किती वेळ, घरात कुणी होतं का. फोनवर आवाज टिपला असेल तर उत्तम. त्याचं नाव मालकाला कळू नये. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलं की तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका. तोच न्याय इथं लावावा, कारण शेजाऱ्याला भिऊन पुष्कळ माणसं तोंडच उघडत नाहीत.

मग सात दिवसांत भेट, पशुवैद्यकीय दवाखान्यातला एक माणूस बरोबर घेऊन. शक्य तर मालक घरी नसताना एकदा बाहेरून आणि नंतर मालकासमोर आतून. साखळी किती लांब आहे, सावली आहे का, पाण्याचं भांडं भरलेलं आहे का, पट्ट्याखाली काय आहे, लस टोचली आहे का, हे पाहावं आणि जागेवरच उपाय सांगावेत. हे उपाय महागडे नाहीत. कुत्र्याची जागा गेटपासून मागच्या अंगणात न्यायची. गेटच्या जाळीला आतून पत्रा किंवा ताडपत्री लावायची, म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्याला दिसणार नाही. साखळी खुंट्याला न बांधता अंगणभर ताणलेल्या तारेवर कडी सरकेल अशी लावायची. पहाटे आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास फिरवायचं, आणि थकलेलं कुत्रं रात्री दहानंतर घरात किंवा पडवीत घ्यायचं. भुंकलं की ओरडायचं किंवा मारायचं नाही. मालकाचा आवाज ऐकून ते आणखी चेवतं. गप्प बसल्यावर हातानं तुकडा द्यायचा, हे त्याला लवकर कळतं. सुट्टीला गावी जाणाऱ्यांनी कुत्रं बरोबर न्यावं किंवा ओळखीच्या माणसाला घरी ठेवावं. हे सगळं एका पानावर मराठीत छापून मालकाच्या हातात द्यावं, महिन्याची मुदत द्यावी आणि पुन्हा भेटावं. त्यानंतरही कुणी ऐकत नसेल, तर पोलीस आणि दंड आहेतच, आणि तेव्हा त्यांना कुणी नावं ठेवणार नाही.

गृहनिर्माण संस्था आणि कॉलनीच्या पदाधिकाऱ्यांनाही आपल्याकडून एक परिपत्रक जायला हवं. भुंकण्याचं कारण दाखवून कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळानं २०१५ मध्येच कळवलं आहे. पण पाळणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या झोपेची किंमत द्यावी लागेल, हेही त्याच कागदावर तितक्याच ठसठशीत अक्षरांत असावं.

आपल्या अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाचा भंडारा उधळताना देवाच्या पायाशी असलेल्या कुत्र्यालाही आपण हात जोडतो. वाघ्याची परंपरा तर देवाचं कुत्रं होऊन त्याची सेवा करण्याची. इतका मान देणाऱ्या समाजाला, दारातलं कुत्रं का ओरडतंय, हे विचारण्याची सवय लावता येईल, असा माझा विश्वास आहे.

येत्या भाद्रपदाच्या आत किमान दोन शहरांत, समजा धाराशिव आणि तुळजापूर, ही भेटीची पद्धत सुरू करून पाहावी ही विनंती. पहिल्या काही भेटींना बरोबर येऊन कर्मचाऱ्यांना साखळी कशी पाहायची, जखम कशी शोधायची, हे दाखवायला मी तयार आहे. मानधन नको. फक्त भेट सकाळी लवकर ठेवावी, कारण उन्हात बांधलेलं कुत्रं माणसाला जवळ येऊ देत नाही.

आपला विश्वासू,
धाराशिव येथील एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक