खिशातले खडे

मिहान परिसरात नवे रस्ते आणि नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. जागोजागी खणलेली माती दिसते, गिट्टीचे ढीग दिसतात. मोठ्यांच्या लेखी तो बांधकामाचा पसारा. मुलांना मात्र तिथे खजिना सापडतो. खेळून आलेल्या मुलाचे कपडे धुण्यास घ्यावेत, तर खिशातून मूठभर खडे निघतात. "दगडच तर आहेत!" म्हणून ते अंगणात भिरकावले जातात आणि मूल रडू लागते.

भिरकावण्यापूर्वी ते खडे एकदा धुऊन उजेडात धरावेत. काळा, जड खडा म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून बनलेला. त्यावरील बारीक छिद्रे या अडकलेल्या वायूच्या जागा. पुढे अशाच पोकळ्यांत पाणी झिरपले आणि गारगोटी किंवा पट्टेदार अकीक तयार झाला. दख्खनच्या या काळ्या खडकाची पूर्वेकडील सीमा नागपूरजवळच येते. कामठीकडे वालुकाश्म लागतो. एकाच शहराच्या आसपास मुलाच्या हाती इतके वैविध्य येते.

नागपूरच्या या दगडांकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहणाऱ्या पहिल्या काही जणांत स्टीफन हिस्लॉप होते. हे स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ मध्ये नागपुरास आले. येथील खडक आणि जीवाश्म यांवर त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मिहानच्या दक्षिणेस असलेल्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पूर आलेल्या ओढ्यात त्यांना मृत्यू आला. खडे वेचण्याची हौस कितीही असो, पावसाळ्यात मुलांना नाल्याकाठी एकटे सोडू नये, एवढा धडा त्यातूनही घ्यावा.

दगडाची पारख व्यापारी घराण्यांना परकी नाही. अलाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीत राहिलेल्या ठक्कुर फेरू या जैन गृहस्थाने १३१५ मध्ये प्राकृतात 'रत्नपरीक्षा' लिहिली, तीही आपल्या मुलासाठी. रंग, वजन, घाट आणि दोष पाहण्याची जी सवय रत्नपारख्याला लागते, तिचा श्रीगणेशा बिनमोलाच्या खड्यावरही होऊ शकतो.

तरीही जैन घरात एक शंका उरतेच. एकीकडे अपरिग्रह शिकवायचा आणि दुसरीकडे मुलाने डबे भरायचे, हे कसे? उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, तर तिच्याविषयीच्या आसक्तीत दाखविले आहे. श्रावकासाठी परिग्रह-परिमाण व्रत आहे. मुलासाठी त्याची छोटी आवृत्ती करता येईल. एकच डबा आणि त्यात वीसच खडे. नवा आला की एक जुना जिथून आणला तिथे परत ठेवायचा किंवा मित्राला द्यायचा. पृथ्वीकायिक जीवांचा विचार सांगून, जमीन खणायची नाही, दगड फोडायचा नाही, सुटा पडलेलाच उचलायचा, हेही ठरवून द्यावे.

मग एखाद्या संध्याकाळी एकविसावा खडा घरी येईल. मूल डबा उपडा करून बसेल, एकेक खडा उचलून पाहील, कोणता सोडावा ते त्याला ठरवता येणार नाही. त्या वेळी वडिलांनी दुकानाचा हिशेब थोडा बाजूला ठेवावा आणि त्याच्याजवळ बसावे. निवड मात्र त्यालाच करू द्यावी.