परतीचा शिक्का

वयाची ५० वर्षे पूर्ण केलेल्या परदेशी नागरिकाला थायलंडमध्ये निवृत्तिनिमित्त वर्षभर राहण्याची आणि पुढे दरवर्षी ती मुदत वाढवून घेण्याची सोय आहे. चिआंग माईची सौम्य हवा, हुआ हिनचा समुद्रकिनारा, बँकॉकमधील रुग्णालये आणि मुंबईहून चार-साडेचार तासांचा विमानप्रवास या गोष्टी आपल्याकडील निवृत्तांनाही आकर्षून घेतात. परवानगी मिळवताना बहुतेक जण अतिशय दक्ष असतात. ठेवीची रक्कम, बँकेचे पत्र, छायाचित्रे, घराच्या भाडेकराराची प्रत असे सारे जागच्या जागी असते. ही परवानगी हातची जाते ती मात्र अनेकदा देशाबाहेर पाऊल टाकताना. कारण ती टिकवण्यासाठी निघण्यापूर्वी एक स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो, हे पुष्कळांना उशिरा कळते.

येथे दोन शब्दांतील भेद प्रथम ध्यानात घ्यावा. व्हिसा हे दारातून आत येण्याचे साधन आहे. आत आल्यावर किती दिवस राहता येईल हे ठरते ते पासपोर्टवर उमटलेल्या मुक्कामाच्या परवानगीने. आपण ज्याला ‘रिटायरमेंट व्हिसा’ म्हणतो, तो बहुसंख्य निवृत्तांच्या बाबतीत वस्तुतः मुक्कामाची वर्षभराची वाढीव मुदत असते. थायलंडच्या नियमानुसार ती व्यक्ती देशाबाहेर गेली की ही मुदत त्याच क्षणी संपुष्टात येते. वर्षातील दहा महिने शिल्लक असोत की दहा दिवस, त्याने काही फरक पडत नाही. मुदत अबाधित ठेवून बाहेर जाता यावे यासाठीच ‘री-एंट्री परमिट’, म्हणजे पुनःप्रवेशाचा परवाना, दिला जातो.

समजा, हुआ हिनमध्ये स्थायिक झालेल्या एका दांपत्याला सोलापूरहून रात्री दूरध्वनी आला. थोरल्या बंधूंची प्रकृती गंभीर आहे. पोहोचता येईल तितक्या लवकर पोहोचा. अशा वेळी माणूस मिळेल ते विमान पकडतो. इमिग्रेशन कार्यालय उघडण्याची वाट पाहण्याच्या मनःस्थितीत तो नसतो आणि नसावाही. तेरावे आटोपून तीन आठवड्यांनी हे दांपत्य परतते तेव्हा विमानतळावरील अधिकारी त्यांना पर्यटक म्हणून थोड्या दिवसांचा शिक्का देतो. घर तेथेच असते, बँकेतील रक्कमही तशीच असते. संपलेला असतो तो त्या घरात राहण्याचा वर्षभराचा हक्क. तो पुन्हा मिळवायचा तर आधी ९० दिवसांचा नॉन-इमिग्रंट व्हिसा आणि त्यानंतर वर्षाची मुदतवाढ, अशी सारी वाट पहिल्यापासून चालावी लागते. सत्तरीच्या उंबरठ्यावर, घरातील दुःख ताजे असताना, हा भार लहान नव्हे.

परवाना मिळवणे मात्र मुळीच कठीण नाही. इमिग्रेशन कार्यालयात ‘टीएम ८’ हा अर्ज, एक छायाचित्र, पासपोर्टच्या संबंधित पानांच्या प्रती आणि शुल्क एवढे पुरते. एकदाच ये-जा करण्याच्या परवान्याला १,००० बाट, तर मुदतीच्या आत कितीही वेळा ये-जा करण्याच्या परवान्याला ३,८०० बाट पडतात. केवळ आकडेमोड केली तर वर्षात तीन फेऱ्यांपर्यंत एकेरी परवाना स्वस्त आणि चौथ्या फेरीपासून अनेकवारी परवाना किफायतशीर ठरतो. पण हा हिशेब ठरलेल्या प्रवासांचा झाला. सोलापूरचा दूरध्वनी कोणत्याही वेळापत्रकात नसतो. ज्यांचे आप्त, भावंडे, नातवंडे भारतात आहेत, त्यांनी वरच्या २,८०० बाटांकडे विम्याच्या हप्त्याप्रमाणे पाहावे आणि वार्षिक मुदतवाढ मिळताच अनेकवारी परवाना काढून ठेवावा. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर निघतानाही परवाना मिळण्याची सोय आहे. परंतु मध्यरात्रीच्या धावपळीत तिच्यावर सर्वस्वी विसंबणे शहाणपणाचे नाही.

या संदर्भात तीन गोष्टी वारंवार दुर्लक्षिल्या जातात. पहिली अशी की परवाना प्रत्येक पासपोर्टसाठी स्वतंत्र असतो. पत्नीचा मुक्काम पतीवर अवलंबून मंजूर झाला असला, तरी पतीच्या परवान्यावर पत्नीला परत येता येत नाही. दुसरी अशी की एकेरी परवाना एका फेरीत संपतो. दिवाळीला वापरलेला परवाना उन्हाळ्यातील लग्नासाठी उपयोगी पडत नाही. तिसरी अशी की बाहेर जाणे म्हणजे केवळ विमानाने जाणे नव्हे. नाँग खाईजवळचा मैत्री पूल ओलांडून लाओसमध्ये काही तास फिरून येणे, हेही कायद्याच्या दृष्टीने देशाबाहेर जाणेच होय.

परदेशातील थाई दूतावासाकडून ‘ओ-ए’ व्हिसा घेऊन गेलेल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्या व्हिसाची एक वर्षाची वैधता असेपर्यंत त्यावर अनेकदा प्रवेश करता येतो, म्हणून वेगळा परवाना लागत नाही. व्हिसाची तारीख उलटल्यावर मात्र मुक्कामाची मुदत शिल्लक असली, तरी बाहेर जाण्यापूर्वी परवाना घ्यावाच लागतो. पहिल्या वर्षी विनासायास ये-जा केलेल्या माणसाला दुसऱ्या वर्षी धक्का बसतो, तो यामुळे.

पुनःप्रवेशाचा परवाना मुदत राखतो, वाढवत नाही. बँकेतील मुदत ठेवीची पावती तिजोरीत सांभाळून ठेवली म्हणून तिची परिपक्वतेची तारीख पुढे जात नाही, तसेच हे आहे. मुक्काम १५ मार्चपर्यंत मंजूर असेल आणि २० फेब्रुवारीला परत आले, तर नवा शिक्काही १५ मार्चचाच मिळतो. १६ मार्चला आले, तर मुदतीबरोबर परवानाही संपलेला असतो. वार्षिक मुदतवाढीचा अर्ज थायलंडमध्येच करावा लागतो आणि तो साधारणपणे मुदत संपण्यापूर्वीच्या शेवटच्या ३० दिवसांत घेतला जातो. काही कार्यालये ४५ दिवस आधीही तो स्वीकारतात. म्हणून वर्षाची दिनदर्शिका हाती घेऊन हे दिवस प्रथम राखून ठेवावेत आणि मगच भारतभेटीची तिकिटे काढावीत.

प्रवासाचा आणि ठेवीचाही संबंध आहे. ठेवीच्या आधारे मुदतवाढ घेणाऱ्याच्या थाई बँक खात्यात अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने ८ लाख बाट असावे लागतात. वर्षाच्या उरलेल्या काळात शिल्लक ४ लाख बाटांच्या खाली जाता कामा नये. घरात लग्नकार्य निघाले म्हणून याच रकमेतून उचल केली, तर परवाना हाती असूनही पुढील मुदतवाढ अडू शकते. प्रवासाचा आणि समारंभाचा खर्च भागवण्यासाठी निराळी तरतूद ठेवणे इष्ट. दरमहा ६५,००० बाट उत्पन्नाच्या आधारे परवानगी घेणाऱ्यांनीही आपण गावी असताना मासिक रक्कम पाठवण्यात खंड पडणार नाही, ही व्यवस्था निघण्यापूर्वीच लावावी.

दीर्घ मुक्काम करणाऱ्याला दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवावा लागतो. देशाबाहेर गेल्यावर ही मोजणी खंडित होते आणि परतल्यावर नव्याने सुरू होते. जुनी तारीख मनात धरून बसू नये. नव्या प्रवेशाच्या दिवसापासून मोजून पुढची तारीख लिहून ठेवावी. माहिती देण्याची मुभा ठरलेल्या दिवसाच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत असते. त्यानंतर स्वतःहून कळवायला गेले, तर २,००० बाट दंड पडतो. ही माहिती देणे म्हणजे मुक्कामाची मुदतवाढ नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

भारतभेटीत पासपोर्टचे नूतनीकरण करणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. मुक्कामाची परवानगी आणि पुनःप्रवेशाचा परवाना जुन्या पासपोर्टमध्ये असतात, म्हणून परतताना दोन्ही पासपोर्ट बरोबर हवेत. पोहोचल्यावर शिक्क्यांची नोंद नव्या पासपोर्टमध्ये करून घ्यावी. पासपोर्टची वैधता ज्या दिवशी संपते, त्यापलीकडे मुदतवाढ मिळत नाही. त्यामुळे पासपोर्टचे अखेरचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच नूतनीकरण उरकणे बरे.

१ मे २०२५ पासून थायलंडमध्ये येणाऱ्या परदेशी प्रवाशाला आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते; त्याला शुल्क नाही. विमानतळावर अधिकाऱ्यापुढे पासपोर्ट ठेवताना परवान्याचे पान उघडून दाखवावे. शिक्का मिळाल्यावर खिडकीपासून हलण्यापूर्वीच त्यावरील तारीख वाचावी. घाईत पर्यटकाचा शिक्का पडला असेल, तर तो तिथल्या तिथे दुरुस्त होणे सोपे. घरी गेल्यावर लक्षात आले, तर कार्यालयाच्या खेपा सुरू होतात.

निवृत्तिवेतनधारकांपैकी काही जण नोव्हेंबर महिन्यातील हयातीच्या दाखल्यासाठी म्हणून भारतात येतात. आता ‘जीवन प्रमाण’द्वारे हा दाखला डिजिटल पद्धतीने देता येतो, तसेच भारतीय दूतावासाकडूनही तो प्रमाणित करून घेता येतो. एवढ्याच कारणासाठीचा प्रवास त्यामुळे टाळता येईल. येणे टळणार नाही ते माणसांसाठी: कोणाच्या आजारपणात, कोणाच्या लग्नात, कोणाच्या अखेरच्या दर्शनासाठी.

म्हणून वार्षिक मुदतवाढ मिळेल त्याच दिवशी, त्याच कार्यालयात, पती-पत्नी दोघांसाठी अनेकवारी परवान्याचा अर्ज द्यावा. मुदतीची अखेरची तारीख, परवान्याचा क्रमांक आणि ९० दिवसांची पुढची तारीख एका कागदावर लिहून तो दोन्ही पासपोर्टांच्या वेष्टनात ठेवावा आणि त्याची एक प्रत भारतातील मुलांकडे द्यावी. रात्री-अपरात्री निरोप आला, तर मग फक्त तिकीट काढायचे उरेल.