चाचणी होते, केकॉन्फिग नीट लिहा



कर्नल मॉड्यूलची युनिट चाचणी होऊच शकत नाही, थेट मशीनवर चढवून पाहावे, हे गेल्या अंकातील लेखाचे मत शिळ्या माहितीवर उभे आहे. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या लिनक्स 5.5 पासून केयुनिट हे युनिट चाचणीचे साधन मूळ कर्नलमध्येच आहे. यूजर मोड लिनक्सवर ते साध्या प्रोग्रामसारखे चालते. ना बोर्ड लागतो, ना रीबूट.

दुसरा सल्ला तर घातकच. चाचणी बिल्ड होत नसेल तर कर्नलचे बिल्ड-पर्याय ठरवणाऱ्या केकॉन्फिगमध्ये 'सिलेक्ट' टाकून मोकळे व्हायचे म्हणे! 'सिलेक्ट' समोरचा पर्याय दामटून चालू करतो, त्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी बघत नाही. मग ऐन लिंकिंगला बिल्ड फुटते आणि खापर केयुनिटवर. 'डिपेंड्स ऑन' लिहून त्यापुढे केयुनिट आणि जे तपासायचे ते मॉड्यूल, दोन्ही द्यावीत. केयुनिट 'एम' (मॉड्यूल) असेल तर चाचणी 'वाय' (कर्नलमध्येच बांधलेली) होऊ नये, एवढे केकॉन्फिग आपणहून सांभाळते.

वेगळ्या मॉड्यूलमधल्या चाचणीला स्टॅटिक फंक्शन दिसत नाही, ही तक्रार तेवढी रास्त. पण म्हणून ते कायमचे उघडे टाकायचे कशाला? 'व्हिजिबल इफ केयुनिट' आणि 'एक्स्पोर्ट सिम्बॉल इफ केयुनिट' हे मॅक्रो त्याचसाठी आहेत. केयुनिट बंद केले की फंक्शन पुन्हा स्टॅटिक.

चिपचे इंटरप्ट आणि डीएमए तपासायला यंत्र हवेच. ते युनिट चाचणीचे काम आहे असे म्हटले कोणी?

– एक वाचक, सिंदी मेघे (जि. वर्धा)