मनातली मिरवणूक

गेल्या उन्हाळ्यात जिंतूर तालुक्यातला एक तरुण डोकं दुखतं, झोप लागत नाही म्हणून आला. वय 26, पोलीस भरतीची तयारी. रक्तदाब, साखर, थायरॉइड, सगळं नॉर्मल. वडील बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, मी रात्री इअरफोन लावून गच्चीवर तीन-तीन तास चकरा मारतो. डोक्यात पिक्चर चालू असतो. मी फौजदार झालोय, गावात गुलाल उधळतायत, डीजे लागलाय. मला वेड लागलंय का?"

नाही. भ्रम झालेल्या रुग्णाला आपण खरंच फौजदार आहोत असं वाटतं. याला गच्ची कोणती आणि मिरवणूक कोणती, हे पक्कं ठाऊक होतं.

दिवास्वप्नं तुम्हालाही पडतात, मलाही. 2010 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, जागेपणीचा सुमारे 47 टक्के वेळ आपलं मन हातातलं काम सोडून भटकत असतं, असं दिसलं. त्रास होतो तो स्वप्नं झोप, अभ्यास आणि माणसं खाऊ लागली की. इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी 2002 मध्ये अशा अतिरेकी दिवास्वप्नांचं वर्णन केलं. त्यातही कानात गाणी आणि येरझाऱ्या नेहमीच्याच. आजारांच्या अधिकृत यादीत त्याला अजून स्वतंत्र जागा नाही आणि त्यासाठी खास गोळीही नाही.

अशा मुलाला घरचे 'मुंगेरीलाल' म्हणतात आणि मोबाईल काढून घेतात. मला हे पटत नाही. तीनदा भरती हुकलेली, कोरडवाहू शेती, दिवसभर अभ्यासिकेतली तीच खुर्ची, वर "लग्नाचं काय?" अशा दिवसातून पळायला त्याच्याकडे गच्चीशिवाय काय होतं? मी विचारलं, "त्या पिक्चरमध्ये वडील काय करतात?" म्हणाला, "रडतात. आनंदानं." मग स्वतःच रडला. भूक मेली होती, जगण्यात रस उरला नव्हता. खरा आजार नैराश्याचा होता, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

अर्थात गोड स्वप्नांची किंमत मोजावी लागते, हेही खरं. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या जर्मनीतल्या अभ्यासात नोकरीची स्वप्नं जास्त रंगवणाऱ्या पदवीधरांनी पुढच्या दोन वर्षांत अर्जच कमी केले होते. मनात गुलाल उधळून झाला की सकाळी धावायला उठवत नाही. म्हणून मिरवणूक दिसली की लगेच स्वतःला विचारा, उद्या मला नेमकं काय आडवं येणार आहे? गोळाफेक की गणित? आणि चालताना इअरफोन घरी ठेवा. साधी गोष्ट आहे, पण फरक पडतो.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर थांबू नका. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी या. रात्री-अपरात्री टेली-मानसच्या 14416 या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं. वडिलांना बाहेर बसवून बोलायचं असेल तर तसं सांगा, मी बसवतो.